कोरल पुन्हा तपकिरी, पुन्हा पांढरं: मरीन टाकीचा नवा लाइट घेण्याआधी काय काय तपासायचं

मुंबई, ठाणे, पुणे इथल्या घरगुती मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टाक्या सांभाळणं हे माझं काम. त्यात एक तक्रार ठरलेली असते: "लाइट बदलला, महिनाभर बरं चाललं, आता परत तेच." कुणाचं कोरल (प्रवाळ) तपकिरी पडतं, कुणाचं पांढरं, कुणाच्या काचेवर दोन दिवसांत हिरवी साय धरते. लाइट कमी पडतोय, मोठा घ्यायला हवा, हे उत्तर घरच्यांनी माझ्याआधीच ठरवलेलं असतं. बहुतेक घरांत लाइट पुरेसाच असतो. कुठे तो कोरलपर्यंत नीट पोचत नाही, कुठे नको तितके तास चालू राहतो, आणि कुठे गडबड पाण्यात असते पण आळ लाइटवर येतो. म्हणून नवीन लाइटची खरेदी या यादीत शेवटी आहे. आधीच्या तपासण्यांना एक तर पैसे लागत नाहीत, किंवा फारच थोडे लागतात.

आधी लक्षणं

प्रकाश कमी पडत असेल तर झोआंचे (छोट्या फुलांच्या पुंजक्यासारख्या कोरलचे) देठ लांबतात, डोकी लहान राहतात आणि सगळा पुंजका एकाच बाजूला कलतो. मशरूम (छत्रीसारखी चपटी कोरल) पसरट, पातळ होतात. हिरवा-नारिंगी रंग हळूहळू कॉफीसारखा होतो. अ‍ॅनिमोन (कोरलचा नातलग, पायावर सरकणारा जीव) असेल तर ते आपली जागा सोडून काचेवर चढतं आणि पाण्याच्या पातळीजवळ जाऊन बसतं.

प्रकाश जास्त होत असेल तर मशरूमच्या कडा वर वळतात आणि ते आक्रसतात. झोआ सकाळी उघडतात, भर दुपारच्या तीव्रतेला मिटतात, संध्याकाळी लाइट मंद झाल्यावर परत उघडतात. लाइटकडची बाजू फिकी पडते आणि सावलीतली बाजू ठणठणीत राहते. अ‍ॅनिमोन खडकाखाली दडतं.

तास जास्त होत असतील तर कोरल फारसं काही सांगत नाही, शेवाळ सांगतं. काच रोज घासावी लागते, खडकावर केसाळ शेवाळ येतं, वाळूवर लाल-जांभळा बुळबुळीत थर बसतो. नवीन टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येणारा तपकिरी भुकटीसारखा थर यात धरू नका. तो डायाटम या सूक्ष्म शैवालाचा असतो आणि बहुधा आपोआप जातो.

आता लाइटशी संबंध नसलेली लक्षणं. लेदर कोरल (चामड्यासारखं दिसणारं मऊ कोरल) काही दिवस मिटून बसलं, अंगावर मेणचट चकाकी आली, तर ते कात टाकतंय. असं ते अधूनमधून करतंच. पाण्याचा प्रवाह त्याच्यावरून जाईल एवढं पाहा आणि लाइटला हात लावू नका. लेदर मिटलं की लाइट वाढवायचा, उघडलं नाही की आणखी वाढवायचा, आणि मग शेजारची मशरूम जाळायची, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो.

सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र वेगळा आहे: त्रास जागेनुसार बदलतो का? एकाच जातीचे दोन तुकडे असतील, एक वरच्या खडकावर आणि एक सावलीत, तर दोन्ही नीट पाहा. वरचं बिघडलं आणि खालचं छान असेल, किंवा उलट असेल, तर विषय प्रकाशाचा आहे. दोन्ही सारखीच बिघडली असतील तर विषय पाण्याचा आहे. ज्यांना लाइटची गरजच नाही असे गोगलगाय, कोळंबी यांसारखे जीवही मलूल दिसत असतील तर लाइटचा विचार सोडून सरळ पाण्याच्या तपासणीकडे जा.

निरीक्षण निळ्या प्रकाशात करू नका. निळ्यात सगळी कोरल चमकतात आणि फोनचा कॅमेरा त्यात आणखी भर घालतो. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, लाइटचा पांढरा चॅनल (एका रंगाच्या दिव्यांचा गट) लावून एकाच कोनातून फोटो काढा. आठवड्याचे फोटो शेजारी ठेवले की बदल दिसतो. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना तो दिसत नाही.

हे घडतं कसं

कोरलच्या अंगात, ऊतींच्या आत, सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. प्रकाश कमी झाला की या शैवालाची दाटी वाढते, आणि त्याचा स्वतःचा रंग तपकिरी असल्यामुळे कोरल तपकिरी दिसू लागतं. पाण्यात नायट्रेट (विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून साचणारं रसायन) जास्त झाल्यानेही हीच दाटी वाढते. म्हणजे तपकिरी रंगाला दोन कारणं आहेत आणि वरून ती सारखीच दिसतात.

प्रकाश किंवा उष्णता सहन होण्यापलीकडे गेली की शैवालाच्या आत घातक ऑक्सिजन-रसायनं तयार होतात आणि कोरल त्याला बाहेर टाकतं. रंग जातो तो त्यामुळे, यालाच ब्लीच होणं म्हणतात. पांढरं पडलेलं कोरल लगेच मेलेलं नसतं, पण उपाशी असतं. अशा वेळी तीव्रता कमी करून, थोडं खायला देऊन ते वाचतं. "अशक्त झालंय, लाइट वाढवू" हा उपाय त्याला संपवतो.

पहिली तपासणी: घड्याळ

खर्च शून्य, आणि सर्वाधिक घरांत दोष इथेच सापडतो.

भोवती टाचण्यांसारखे छोटे खटके असलेला गोल फिरता टायमर बऱ्याच टाक्यांवर असतो. त्याला आत बॅटरी नसते. वीज गेली की तो थांबतो आणि वीज आली की थांबला तिथून पुढे चालू लागतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी पाच तास वीज गेली, की तुमच्या टाकीचा दिवस पाच तास पुढे सरकला. पावसाळ्यात असं दोन-तीनदा झालं की सकाळी दहाला लागणारा लाइट संध्याकाळी लागतो आणि उत्तररात्री बंद होतो. घरचे तोवर झोपलेले असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात सकाळी खिडकीतून उजेड येत असेल तर शेवाळाला जवळपास चोवीस तासांचा दिवस मिळतो.

पांढरा आणि निळा असे दोन वेगळे टायमर असतील तर आणखी घोळ. दोन्ही आठ-आठ तासांचे, पण एकमेकांपासून सरकले की मिळून बारा-तेरा तास होतात. टायमरच्या बाजूला 'कायम चालू'चं बटण असतं, तेही पाहा. पाहुण्यांना मासे दाखवायला कुणीतरी ते दाबतं आणि तसंच राहतं.

तासांना एवढं महत्त्व का, ते हिशेबाने बघा. कोरलपर्यंत पोचणाऱ्या, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाला पार म्हणतात. समजा तुमच्या झोआंना १०० पार मिळतो, म्हणजे दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर १०० मायक्रोमोल प्रकाशकण. १० तासांत दिवसाचा एकूण प्रकाश झाला ३.६ मोल. तोच लाइट १४ तास चालला तर ५.०४ मोल. लाइटची तीव्रता जराही न वाढवता ४० टक्के वाढ झाली.

पूर्ण तीव्रतेचे ८ ते १० तास पुरेसे आहेत. सकाळ-संध्याकाळचा मंद निळा धरून ११-१२ तासांपलीकडे जाऊ नका. गोल टायमर काढून वायफायवरचा स्मार्ट प्लग लावा. वीज आल्यावर तो वेळ स्वतः जुळवून घेतो, आणि लाइटच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे. लाइटमध्येच कंट्रोलर असेल तर वीज गेल्यानंतर त्याचं घड्याळ बरोबर आहे ना, ते एकदा मुद्दाम पाहा. काही स्वस्त कंट्रोलर वीज आल्यावर शून्यापासून दिवस मोजू लागतात, काही सगळे चॅनल शंभर टक्क्यांवर नेतात. "कधीकधीच ब्लीच होतं, कारण कळत नाही" अशा तक्रारीमागे हे निघतं.

इन्व्हर्टर असेल तर त्यावर लाइट घेऊ नका, प्रवाहाचा पंप घ्या. कोरल दोन-तीन दिवस अंधारात राहू शकतं. ऑक्सिजनविना मासे राहू शकत नाहीत.

दुसरी: काच, लेन्स आणि मीठ

टाकीवर झाकणाची काच असेल तर तिची खालची बाजू बोटाने पुसून पाहा. बुडबुडे फुटून उडालेलं पाणी वाळतं आणि मिठाचा पांढरा थर राहतो. वर धूळ बसते. एलईडीच्या लेन्सवरही तेच होतं. थर हळूहळू चढतो, डोळे सरावतात, आणि खाली झोआंचे देठ लांबत जातात.

लाइटचा प्लग काढा, तो गार होऊ द्या, मग आरओच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा. काचेवरचा कडक थर पांढऱ्या व्हिनेगरने जातो. पण काच बाहेर काढून पुसा आणि परत ठेवण्याआधी धुऊन घ्या. काच पुसायचे बाजारी स्प्रे टाकीच्या आसपासही नकोत.

स्वच्छ केल्यावर लाइटची तीव्रता आधी होती त्यापेक्षा खाली आणा. महिनोन्‌महिने थराखाली राहिलेल्या कोरलवर एका दिवसात पूर्ण प्रकाश पडला तर ते भाजतं. तीव्रता साधारण दोन तृतीयांशावर आणून दर आठवड्याला पाच टक्के वाढवा. हा नियम पुढेही लागू आहे: प्रकाश वाढवणारा कुठलाही बदल केला, मग तो नवा लाइट असो वा नुसती पुसलेली काच, की आधी डिमर (तीव्रता कमी-जास्त करायची सोय) खाली.

तिसरी: खिडकी

"दर हिवाळ्यात शेवाळ येतं, उन्हाळ्यात आपोआप जातं," असं कुणी म्हणालं की मी घराची दिशा विचारतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य इथे डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर पोचतं. मेमध्ये सावलीत वाटणाऱ्या टाकीवर डिसेंबरात तासन्‌तास ऊन पडू शकतं. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांचा त्रास वर्षभर असतो.

उन्हाचा पार पृष्ठभागावर २००० च्या घरात जातो. काच, पडदा, तिरपा कोन यांतून गळून उरलेला भागसुद्धा शेवाळाला मेजवानी असते. टाकीच्या त्या बाजूला काळा कागद किंवा जाड पडदा लावा. दोन आठवडे थांबा. मग पुढचं.

चौथी: पिवळं पाणी

पांढऱ्या बादलीत टाकीतलं पाणी घ्या, दुसऱ्या तशाच बादलीत नुकतं कालवलेलं मिठाचं पाणी, आणि वरून पाहा. टाकीचं पाणी पिवळसर दिसलं तर त्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ साचले आहेत. हा पिवळेपणा नेमका निळा प्रकाश शोषतो, आणि कोरलच्या शैवालाला सर्वाधिक उपयोग ४३० ते ४७० नॅनोमीटरच्या निळ्याचाच असतो.

उपाय अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. जाळीच्या पिशवीत घालून, धुऊन, पाणी वाहतं तिथे ठेवा, आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. पहिल्यांदाच घालताना ठरलेल्या मात्रेच्या निम्माच घाला. पाणी एका रात्रीत काचेसारखं झालं तर वरचा नियम परत लागू होतो. "नुसता कार्बन घातला आणि कोरल पांढरं पडलं" यात दोष कार्बनचा नसतो.

पाचवी: तापमान आणि पाणी

इथे थोडा खर्च आहे, टेस्ट किटचा. पण सुरुवात थर्मामीटरने करा, आणि वाचन दुपारी तीन-चारला घ्या. सकाळचं वाचन फसवं असतं.

२५ ते २७ अंश ठीक. २८ चालतं. ३० च्या वर गेलं की काल सोसणारा प्रकाश आज जास्त होतो, कारण ब्लीचिंगमध्ये उष्णता आणि प्रकाश जोडीने काम करतात. एप्रिल-मेमध्ये मुंबईत पंखा नसलेल्या बंद खोलीतली टाकी सहज ३१ वर जाते. लाइट तोच, जागा तीच, तरी कोरल फिकं पडतं. पाण्यावर तिरपा मारणारा छोटा पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतो. पण तो कोरड्या हवेत जास्त चालतो. नागपूर-पुण्याच्या उन्हाळ्यात उत्तम, मुंबईच्या दमटपणात अर्धवट. बाष्पीभवनाने पाणी कमी होतं, मीठ तेवढंच राहतं, म्हणून रोज आरओच्या गोड्या पाण्याने भर घाला. खाऱ्या पाण्याने नाही. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) येईपर्यंत लाइट दुपारऐवजी संध्याकाळ-रात्रीकडे सरकवणं हा फुकटातला उपाय आहे.

क्षारता (पाण्याचा खारेपणा) घनतेच्या मापात १.०२६ किंवा ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य जुळवलं की वरचं वाचन बरोबर येईलच असं नाही.

नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान असेल तर लाइटवर काम करायला हरकत नाही. नायट्रेट ४०-५० असेल तर तपकिरी रंगाचं कारण तिथेच सापडलं. खायला घालणं आवरा, पाणी बदला, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप धुवा. दोन्ही शून्य असतील तर उलट अडचण आहे. जोरदार प्रकाशाखाली उपाशी कोरल फिकं पडतं, आणि वाळूवर बुडबुडेदार तपकिरी शेंबडासारखे डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशी जीव) येऊ शकतात. "माझं नायट्रेट शून्य आहे" असं अभिमानाने सांगणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो.

सहावी: चॅनल आणि जागा

गोड्या पाण्याच्या वनस्पतींसाठीचा ६५०० केल्विनचा पांढरा लाइट मरीन टाकीवर लावलेला असेल तर कोरल मरणार नाही, पण त्यातला लाल-पिवळा भाग शेवाळाला जास्त आवडतो. समुद्रात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि खोलवर निळा उतरतो. कोरलचं शैवाल त्याच प्रकाशात घडलेलं आहे. मरीन लाइटचे चॅनल वेगळे फिरवता येत असतील तर निळा मुख्य ठेवा आणि पांढरा डोळ्यांना रुचेल इतकाच, निळ्याच्या पाव ते एक तृतीयांश. लाल आणि हिरवा पाच टक्क्यांच्या आत, किंवा बंद.

मग जागा. झोआ लांबत असतील तर लाइट वाढवण्याआधी तुकडा एक पायरी वर सरकवा. मशरूम आक्रसत असतील तर वाळूवर, कडेला आणा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे वाट पाहा. मंगळवारी लाइट वाढवला, शनिवारी उतरवला, रविवारी तुकडा हलवला, तर कशामुळे काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

अ‍ॅनिमोन फिरत असेल तर त्याला धरून जागेवर बसवू नका, ते परत फिरेल. त्याचा पाय फाटला तर तो वेगळाच ताप. तोवर पंपाच्या तोंडाला जाळी लावा.

सातवी: मोजणी

फोनमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप चालेल का, असं सगळे विचारतात. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वाधिक दाद देतो आणि ४५० च्या निळ्याला फार कमी. म्हणून निळ्या लाइटखाली लक्सचा आकडा खोटा कमी येतो, आणि तो पाहून लोक लाइट वाढवत बसतात. अ‍ॅपचा उपयोग एवढाच: तोच फोन, तीच जागा, तीच चॅनल मांडणी, आणि महिन्या-महिन्याने तुलना. आकडा घसरला तर लाइट मळलाय किंवा थकलाय.

खरी मोजणी पार मीटरने होते. पाण्यात बुडणारा चांगला मीटर घरगुती टाकीसाठी विकत घ्यावा इतका स्वस्त नसतो. टाक्या सांभाळणाऱ्याकडून किंवा ओळखीतल्या छंदी माणसाकडून एका दिवसासाठी मागून घ्या. जुने मीटर निळा प्रकाश कमी दाखवत, तेव्हा एलईडीसाठी चालणारा आहे ना, विचारा. पंप पाच मिनिटं बंद करून मोजा, नाहीतर लाटांमुळे आकडा नाचतो. प्रत्येक कोरलच्या जागेवर, वाळूच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध मोजून कागदावर टाकीचा नकाशा काढा.

छंदात रुळलेले आकडे असे: मशरूमला ३० ते ८०, झोआ, लेदर आणि ग्रीन स्टार पॉलिपला ७५ ते १५०, बबल टिप अ‍ॅनिमोनला १५० ते २५०, अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण कोरलला २०० ते ३५०. वरच्या खडकावर १५० असताना वाळूच्या कोपऱ्यात ४० भरणं यात नवल नाही. हा फरक म्हणजे दोष समजू नका, त्यावरूनच कोण कुठे बसवायचं ते ठरतं.

कठीण कोरलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. खडक बांधणारी कोरल आणि सी फॅन (पंख्यासारखं पसरणारं कोरल) आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून उचललेला तुकडा घरी ठेवणं गुन्हा आहे, मेलेला असला तरी. दुकानदार 'इम्पोर्टेड आहे' म्हणाला तर कागद मागा. कागद नसतील तर लाइट कितीही भारी असू दे, ते घेऊ नका. मऊ कोरलवर सुंदर टाकी होते, आणि त्यांना लाइटही निम्म्यात भागतो.

आठवी: लाइटचं शरीर. इथे थांबायची जागा आहे

बाहेरून एवढंच पाहा: पंखा फिरतोय का, जाळीत धूळ-मीठ अडकलंय का, एखादा एलईडी विझलाय का, लाइट लुकलुकतोय का. पंखा अडकला की एलईडी तापतात आणि तापलेले एलईडी लवकर मंदावतात. जाळी कोरड्या ब्रशने साफ करा, प्लग काढून. टी-५ ट्यूब (बारीक फ्लूरोसंट नळ्या) असतील तर त्या चालू दिसतात म्हणजे चांगल्या आहेत असं नाही. नऊ ते बारा महिन्यांत त्यांचा जोर आणि रंग दोन्ही घसरतात, तेव्हा बदला. सगळ्या एकदम नको, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक.

यापुढे स्क्रू उघडू नका. खाली दिलेल्यांपैकी काहीही दिसलं तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा:

– पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटणं. बोटाला जखम असली की मीठ झोंबतं, तेच असेल का, म्हणून परत हात घालून पाहू नका.
– आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) वारंवार पडणं. तो पडतो म्हणून काढून टाकणारे मी पाहिले आहेत. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी टाकीच्या लाइनवर असायलाच हवा.
– प्लगच्या पिनांवर हिरवट गंज, सॉकेट काळं पडणं, जळका वास.
– अडॅप्टर किंवा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) हाताला सोसणार नाही इतका तापणं, गुणगुणणं.
– लाइट पाण्यात पडणं. वाळवून परत लावू नका. मीठ आत राहतं.

वायरमन आलाच तर अर्थिंग मोजून घ्या. जुन्या इमारतींत तिसरी पिन नुसती शोभेला असते. आणि प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी तिला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळावरून खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

नववी: आता नवा लाइट

वरचं सगळं झालं, मीटरने आकडे खरंच कमी दाखवले, किंवा लाइट मेला, तर खरेदी करा.

आधी ठरवा की टाकीत काय राहणार. नुसते मासे असतील तर तुम्हाला आवडेल तो साधा लाइट घ्या. क्लाउनफिशला पारशी देणंघेणं नाही. वाचलेल्या पैशातून चांगला स्किमर येईल. मऊ कोरलसाठी मध्यम ताकदीचा, डिम होणारा, निळे चॅनल असलेला मरीन एलईडी पुरतो. कठीण कोरलचं वर सांगितलंच.

वॅटवरून लाइट निवडू नका. 'एका गॅलनला अमुक वॅट' हा हिशेब ट्यूबच्या काळातला आहे. एलईडीत दोन ५० वॅटचे लाइट लेन्समुळे, चिपमुळे अगदी वेगळा पार देतात. दुकानदाराला विचारायचं ते हे: ४५ सेंटिमीटर खोलीवर, मधोमध आणि कडेला, किती पार? उत्तर नसेल तर निदान किती लांबी-रुंदी झाकतो, ते तरी. गोल किंवा चौकोनी एक लाइट साधारण ६० सेंटिमीटर लांबीचा भाग नीट झाकतो. चार फुटी टाकीला एक दणकट लाइट मध्यभागी टांगण्यापेक्षा दोन लहान बरे. मधलं कोरल भाजत नाही आणि कडेचं लांबत नाही. अरुंद कोनाच्या लेन्स खोल टाकीला लागतात. आपल्याकडच्या दीड फूट उंच टाक्यांत त्या नुसते प्रकाशाचे ठिपके पाडतात.

कुर्ल्याच्या बाजारात किंवा कुणाच्या मोडलेल्या टाकीतून जुना २५० वॅटचा मेटल हॅलाइड (एलईडीआधीचा प्रखर, तापणारा दिवा) स्वस्तात मिळतो. प्रकाश सुरेख असतो, पाण्यावरच्या लाटांची जाळी खाली नाचते, मला स्वतःला तो अजून आवडतो. पण आठ तासांचे रोज दोन युनिट, महिन्याचे साठ, वर त्याची उष्णता उतरवायला चिलर, आणि दर वर्षी नवा बल्ब. १०० वॅटचा एलईडी दहा तासांत एकच युनिट खातो. बिल कोण भरतं त्याला विचारून मग घ्या.

घेताना तीन गोष्टी पाहा: स्वतंत्र डिम होणारे चॅनल, वीज गेल्यावरही वेळ लक्षात ठेवणारं घड्याळ, आणि सुटा मिळणारा पंखा-अडॅप्टर. तिसरी गोष्ट लोक विसरतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत आधी पंखाच जातो, आणि तो मिळाला नाही तर उरलेला धडधाकट लाइट भंगारात जातो.

लावल्यावर ३० ते ४० टक्क्यांवर सुरू करा. पहिल्या आठवड्यात खोली अंधारी वाटेल, वाटू द्या. दर आठवड्याला पाच टक्के, आणि मशरूमच्या कडा वळल्या की तिथेच थांबा, एक पायरी मागे या. ती तुमच्या टाकीची मर्यादा.

टाकीवाल्याला कधी बोलवायचं

अर्ध्याहून जास्त कोरल दोन-तीन दिवसांत एकदम मिटली किंवा विरघळू लागली तर वाट पाहू नका. ते लाइटचं काम नाही आणि एकट्याने शोधत बसण्यासारखंही नाही. अ‍ॅनिमोन पंपात अडकून फाटलं तरी तसंच, कारण तासाभरात अख्खं पाणी नासू शकतं. पाणी बरोबर, तास बरोबर, आकडे बरोबर, आणि सहा आठवडे झाले तरी सुधारणा नाही, तेव्हाही बोलवा. झोआंवर जगणाऱ्या छोट्या गोगलगायी किंवा नग्नशंख (बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी) रात्री टॉर्चने शोधावे लागतात, आणि त्यांची अंडी ओळखायला सवयीचा डोळा लागतो.

फोन करताना हाताशी ठेवा: पांढऱ्या लाइटमधले चार आठवड्यांचे फोटो, लाइट लागण्याची आणि विझण्याची खरी वेळ, चॅनलचे टक्के, दुपारचं तापमान, क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट, आणि गेल्या महिन्यात टाकीत घातलेल्या प्रत्येक बाटलीचं नाव.